अण्णा सांगतील तसा भाग

१

दुपारचे चार वाजले की अण्णांची लेक, मोठी, खिडकीचा पडदा ओढायची, टीव्हीच्या काचेवरची धूळ फडक्यानं पुसायची आणि स्टुलावर वही उघडून बसायची. अण्णा आधीच खुर्चीत हजर असायचे.

"काय मोठे, आज कितवा?"

"सातवा, अण्णा."

"सातवा म्हणजे धूमकेतूचा. सोप्पा आहे. लिही."

आणि मग ब्याऐंशी वर्षांचा तो माणूस तोंडी परीक्षेला बसल्यासारखा घसा खाकरून भाग सांगायला लागायचा. चार प्रसंग. वहीत चार ओळी. मग दोघं मिळून तो भाग बघायचे, आणि मोठी प्रत्येक ओळीपुढे खूण करायची: बरोबर, नाहीतर फुली.

मालिकेचं नाव ‘परतीचं यान’. एके काळी ती दर आठवड्याला लागायची तेव्हा रस्ते ओस पडायचे म्हणे. घराची वाट चुकलेलं एक यान, आणि त्यात पाच माणसं: कप्तान, डॉक्टरीण, यंत्रज्ञ, नकाशेवाला आणि एक वेंधळा स्वयंपाकी. यान प्लायवूडचं, त्यावरची बटणं रंगवलेली, तरी भाग संपला की लोक आठवडाभर हमरीतुमरीवर येऊन भांडायचे. त्या मालिकेचे संकलक अण्णा. चित्रीकरण झालं की फिल्मचा ढीग यांच्या टेबलावर यायचा. काय ठेवायचं आणि काय कापायचं, ते अण्णा ठरवायचे. सव्वीसच्या सव्वीस भाग त्यांच्या हाताखालून गेले होते.

आता तेच अण्णा गॅस चालू ठेवून झोपत होते. एकदा तर कोपऱ्यावरच्या दवाखान्यापाशी उभे राहून स्वतःच्याच घराचा पत्ता लोकांना विचारत होते. मोठी सकाळी चष्म्याच्या दुकानात काचा बसवायला जायची ती दोनला परतायची. तेवढा वेळ ते घरात एकटे.

तिचा भाऊ, धाकटा, दुसऱ्या गावी असायचा. वाईट नव्हता हो तो, घाबरट होता. "ताई, एक दिवस काहीतरी होऊन बसेल. वृद्धांच्या संस्थेत ठेवू. तिथं माणसं असतात," असं तो दर फोनला म्हणायचा.

संस्था मोठीला ठाऊक होती. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आईला महिनाभरासाठी म्हणून तिथं ठेवलं होतं. आई अकराव्या दिवशी गेली. मोठी पोचली तेव्हा आईच्या दोन्ही मनगटांवर पलंगाला बांधायच्या पट्ट्यांचे वळ होते. त्या संध्याकाळी अण्णांनी मोठीचा हात घट्ट धरला होता. "मोठे, बाकी काहीही कर. मला तिथं पाठवू नकोस." तिनं शब्द दिला होता.

म्हणून ही वही. सव्वीस भाग, प्रत्येकात चार प्रसंग, एक चूक माफ. एका जरी भागात दोन चुका झाल्या तर विषय संपला, अशी धाकट्याची अट. शेवटी वृद्धांसाठीच्या सरकारी खात्यातून एक तपासनीस बाई येणार, वही बघणार, अण्णांशी बोलणार आणि काय ते लिहून देणार. आठव्या भागापर्यंत अण्णांनी एकही फुली खाल्ली नव्हती. मोठी मनातून नाचत होती.

२

नवव्या भागाला गडबड झाली.

पहिला प्रसंग सांगताना अण्णा उगाच अडखळले आणि डॉक्टरणीच्या जागी नकाशेवाला आणून बसवला. फुली. दुसरा बरोबर. तिसरा सांगताना ते खुर्चीत पुढे सरकले.

"यंत्रज्ञ मागच्या कोठाराचं दार उघडतो. आत अंधार. जरा वेळ बघत राहतो. मग म्हणतो, ‘इथं कुणीतरी राहत होतं.’ आणि दार लावून घेतो."

मोठीनं तो भाग दहा वेळा तरी पाहिला असेल. असलं काही त्यात नव्हतं. भाग लावला, यंत्रज्ञ शिट्टी वाजवत कोठारावरून सरळ निघून गेला. मोठी पेन हातात धरून बसून राहिली. दोन चुका. नवव्याच भागात सगळं मातीत.

"पाहिलंस ना?" अण्णा म्हणाले. "सुंदर प्रसंग होता. मीच जोडला."

आणि तिला एकदम सुटल्यासारखं झालं. जोडला असेल की! चित्रीकरण झालं असेल, मग वेळेत बसेना म्हणून काढलाही असेल. अण्णांना कापलेलंही आठवतंय, बास. ही आठवण जाण्याची नाही, उलट जास्त असण्याची खूण झाली. धाकट्याला हे समजावत बसण्यात अर्थ नव्हता. तिनं तिसऱ्या ओळीपुढे बरोबरची खूण केली आणि वही मिटली. जन्मात पहिल्यांदा तिनं अशी लबाडी केली होती.

३

दुसऱ्या दिवशी अण्णा वामकुक्षी घेत होते. मोठीच्या मनाला चैन पडेना. तिनं आवाज बारीक करून नववा भाग पुन्हा लावला.

यंत्रज्ञ शिट्टी वाजवत आला. कोठारापाशी शिट्टी थांबली. त्यानं दार उघडलं. आत अंधार. तो बघत राहिला, चांगला लांबलचक वेळ.

"इथं कुणीतरी राहत होतं," तो म्हणाला, आणि दार लावून घेतलं.

मोठीनं तीन वेळा मागे नेऊन पाहिलं. तिची नजर साधी नव्हती. अर्ध्या मिलिमीटरनं काच सरकली असली तरी दुकानात मालक तिलाच हाक मारायचा. काल तिनं नीट पाहिलं नव्हतं, असं होणंच शक्य नव्हतं. पण मग काय शक्य होतं? काल दुधाकडे बघायला उठली असेल. फोन वाजला असेल. आपणही काही विशीतल्या नाही आता, असं म्हणून तिनं स्वतःलाच दटावलं.

आणि खरं सांगायचं तर तिला आनंद झाला. लबाडी लबाडी राहिलीच नव्हती. अण्णा बरोबर होते.

त्यानंतर ती जरा सैल झाली. अण्णा काहीतरी नवंच सांगायचे, ती आधीच बरोबरची खूण करून टाकायची, आणि भागात ते असायचं. स्वयंपाक्याच्या हातातली किटली फुटायची. नकाशेवाला झोपेत स्वतःच्याच नावानं हाका मारायचा. एकदा परीक्षा म्हणून तिनं मुद्दाम फुली मारली. तो प्रसंग भागात नव्हता. दिवसाढवळ्या, रस्त्यावरून भंगारवाल्याची आरोळी ऐकू येत असताना, तिच्या पाठीतून एक थंड शिरशिरी गेली. पण वही छान भरत होती.

४

चौदावा भाग म्हणजे बिनतारी यंत्राचा. कप्तान कित्येक वर्षांनी घरी संपर्क साधतो आणि त्याची मुलगी पलीकडून बोलते. बायाबापड्या या भागाला ढसाढसा रडायच्या. लहानपणी मोठी आणि धाकटा हाच खेळ खेळायचे: धाकटा कप्तान होऊन टेबलाखाली बसायचा, आणि मोठी कानाला वाटी लावून त्याची मुलगी व्हायची.

त्या दिवशी अण्णांची तब्येत बरी नव्हती. पहिलीच ओळ चुकली, आणि मोठीनं इमानदारीत फुली मारली. लबाडी लागेल तेवढीच करायची, असं तिचं ठरलेलं होतं.

"मग कप्तान मुलाशी बोलतो," अण्णा म्हणाले.

"मुलीशी, अण्णा."

"मुलगी कुठली?" ते चिडलेच. "मुलगा. एकुलता एक. ‘बाबा, मी दार उघडं ठेवलंय’ म्हणतो तो. मला शिकवतेस?"

ही दुसरी चूक होती. तिनं अण्णांकडे पाहिलं. पायजम्याची नाडी बाहेर लोंबत होती, आणि ते तिच्या पेनाकडे बघत होते. त्यांना अट माहीत होती. बाकी सगळं विसरले तरी रोज दुपारी काय पणाला लागलंय, हे ते विसरत नव्हते.

तिनं बरोबरची खूण केली.

भागात मुलगा बोलला. पातळ, घोगरा आवाज. ‘बाबा, मी दार उघडं ठेवलंय.’ शेवटी नावं सरकली, त्यात मुलीचं काम करणारीचं नावच नव्हतं. मोठीनं वही उघडली, खूण खोडली, तिथं फुली केली आणि भाग पुन्हा लावला. तरीही मुलगाच बोलला. एकदा झालं ते झालं. तिनं खाडाखोड नीट करून बरोबरची खूण पुन्हा काढली, कारण आता तेच बरोबर होतं.

५

रात्रीचं जेवण व्हायच्या आत तिनं धाकट्याला फोन लावला.

"अरे, यानातल्या कप्तानाला मुलगी होती ना?"

"मुलगा गं, ताई. मीच व्हायचो की तो. टेबलाखाली बसून बोलायचो."

"टेबलाखाली तू कप्तान व्हायचास. मुलगी मी. वाटी कानाला लावून."

"तू?" तो हसला. "तू कधी खेळायला यायचीस?"

"म्हणजे काय? रोज!"

मग अगदी भोळेपणानं, खरंच आठवून बघत असल्यासारखं त्यानं विचारलं, "तू काय करायचीस गं तेव्हा?"

तिनं काहीतरी बोलून फोन ठेवला आणि बराच वेळ ओट्यापाशी उभी राहिली. तिला भीती वाटत होती, आणि कशाची ते स्वतःला सांगायचीही भीती वाटत होती.

चार दिवसांनी सकाळी ती दुकानात गेली तर तिच्या काचा घासायच्या यंत्रावर एक अनोळखी मुलगी बसलेली. मालक गडबडला. "अहो, तुम्ही सोडलं होतंत ना?" काल दुपारी दोनला याच माणसानं तिला उद्या लवकर यायला सांगितलं होतं. तिनं आवाज चढवला तेव्हा त्यानं कपाळावर हात मारला. "छे छे, माझ्या डोक्यातूनच गेलं बघा. बसा, बसा." ती बसली. दिवसभर त्या मुलीनं तिच्याकडे एकदाही मान वर करून पाहिलं नाही.

एखाद्याचं डोकं चालत नाही, एखादी मुलगी घुमी असते. जगात असं असतंच. मोठीनं स्वतःची समजूत काढली. पण त्या दिवसापासून तिनं नवीन प्रसंगांवर खुणा करणं थांबवलं, आणि अण्णा चुकू नयेत म्हणून आदल्या दिवशीच त्यांच्याकडून भाग घोटून घ्यायला लागली. पंचवीस भाग कसेबसे पार पडले.

६

शेवटच्या भागाला धाकटा आला. तपासनीस बाई दुसऱ्या दिवशी अकराला येणार होत्या. तो अण्णांच्या शेजारी मांडी ठोकून बसला. "सांगा अण्णा. मीपण ऐकतो."

"यान रात्री उतरतं," अण्णांनी सुरुवात केली.

"सकाळी, अण्णा! तो सूर्य नाही का दिसत, मोठा थोरला?" धाकटा हळहळला. मोठीला फुली मारावी लागली.

दुसरा बरोबर. तिसरा बरोबर. डॉक्टरीण पायरीवर बसून रडते, तो. चौथा तिनं कालच घोटून घेतला होता: सगळे हातात हात घालून टेकडी उतरतात. सोपा होता.

अण्णांनी घसा खाकरला. मग म्हणाले, "कप्तान मुलाबरोबर घरी येतो. दारातून आत बघतो. विचारतो, घरात अजून कुणी आहे का? मुलगा म्हणतो, नाही. आपण दोघंच. पहिल्यापासून."

"अण्णा, टेकडी," मोठी हळूच म्हणाली.

"टेकडी नाही. घर."

"असं आहे होय?" धाकटा म्हणाला. "मला शेवट आठवतच नाही. लाव गं, बघून ठरवू."

मोठी हलली नाही. बघितलं तर टेकडी दिसणार होती. दोन चुका. उद्या अकरा वाजता बाई वही बघणार, चार दिवसांत गाडी येणार, आणि संस्थेच्या त्या लांब खोलीतल्या एखाद्या पलंगाला पट्ट्या लावलेल्या असणार. नाहीतर आत्ता, भाग लावायच्या आधी, पेनाची एक रेघ. ही रेघ काय करील ते तिला ठाऊक नव्हतं, असं म्हणणं खोटं ठरेल. पुरतं ठाऊक नव्हतं, एवढंच.

वेडेपणा आहे सगळा, ती मनात म्हणाली. शाईनं कुणाचं काही होत नसतं.

"बरोबर आहे ना गं, मोठे?" अण्णांनी विचारलं. तिला हाक मारून त्यांनी विचारलेलं ते शेवटचंच.

"बरोबर आहे, अण्णा," ती म्हणाली, आणि खूण केली.

भाग लागला. यान सकाळी उतरलं. डॉक्टरीण रडली. कप्तान आणि मुलगा घराच्या दारात उभे राहिले. आत टेबल, दोन खुर्च्या, उन्हाचा पट्टा. ‘घरात अजून कुणी आहे का?’ ‘नाही. आपण दोघंच. पहिल्यापासून.’ त्या वाक्याला दाराच्या चौकटीजवळ चित्र जरासं थरथरलं, फिल्मला जोड दिलेला असला की थरथरतं तसं. तेवढंच.

"वा अण्णा! जिंकलात!" धाकट्यानं टाळ्या वाजवल्या. मोठी रडत होती. तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. आनंदात राहून जातं असं.

७

तपासनीस बाई बरोबर अकराला आल्या. चेहऱ्यानं कडक, बोलायला मऊ. त्यांनी वही पानन् पान पाहिली आणि अण्णांसमोर खुर्ची ओढली.

"आज वार कोणता, काका?" अण्णांनी सांगितला. महिना सांगितला. घराचा पत्ता पिनकोडासकट सांगितला. शंभरातून सात-सात वजा करत थेट दोनपर्यंत आले. मोठी दाराशी उभी राहून ऐकत होती आणि तिचा ऊर भरून येत होता. कित्येक वर्षांत अण्णा इतके लख्ख बोलले नव्हते.

"मुलं किती तुम्हाला?"

"एक," अण्णा म्हणाले. "हा काय, समोर बसलाय."

मोठीनं पटकन धाकट्याकडे पाहिलं. आता हा सावरून घेईल, थट्टा करतात हो असं काहीतरी म्हणेल. धाकटा मान डोलावत होता.

"अण्णा!" मोठी म्हणाली. "अहो, काय बोलताय?"

बाईंनी खाली बघून लिहिलं.

"बरोबर कोण राहतं?"

"कुणी नाही. मी एकटाच."

"आई गेल्यापासून एकटेच आहेत," धाकटा म्हणाला. "मला केवढा घोर होता. पण घर बघा कसं ठेवलंय. मीच चाट पडलो."

"धाकट्या!" मोठी ओरडली. तिनं पुढे होऊन त्याचा खांदा धरला. त्यानं माशी बसल्यासारखा खांदा उडवला आणि बोलत राहिला. तिनं बाईंच्या समोर हात हलवला. त्यांनी डोळे किलकिले केले, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"औषधं स्वतः घेता? स्वयंपाक?"

"सगळं होतं व्यवस्थित," अण्णा म्हणाले, आणि क्षणभर गोंधळले. "होतं कसं कोण जाणे. पण होतं."

बाई हसल्या. "स्वतःच्या घरी राहायला हरकत नाही, असं लिहिते. संस्थेची काही गरज नाही." त्यांनी सही केली आणि कागद धाकट्याच्या हातात दिला. धाकट्यानं अण्णांच्या पायाशी बसून त्यांच्या मांडीवर डोकं टेकलं. "राहा अण्णा. इथंच राहा. मी परत नाव काढणार नाही."

मोठी भिंतीला टेकली. तिला हवं होतं ते मिळालं होतं. अण्णांना आता कुणी बांधणार नव्हतं. या भीतीतही तिला त्याचा आनंद झाला, आणि त्या आनंदाचंच तिला फार वाईट वाटलं.

"मोठे म्हणा ना," ती अण्णांना म्हणाली. "अण्णा, एकदा म्हणा."

बाई निघाल्या. धाकटा त्यांना सोडायला खाली गेला. खोलीत अण्णा राहिले. ते शांतपणे समोर बघत होते, आणि बघता बघता त्यांची नजर दारापाशी येऊन थांबली. थेट तिच्यावर. ती पुढे झाली.

अण्णांनी डोळे बारीक केले. त्या नजरेत राग नव्हता, ओळखही नव्हती. काम नीट झालंय की नाही ते पाहणाऱ्या माणसाची ती नजर होती.

धाकटा जिना चढून वर आला आणि तिच्या अंगावरूनच आत शिरला. "काय बघताय, अण्णा?"

"तिथं दाराशी," अण्णा म्हणाले, "थोडं राहिलंय अजून. तेवढं काढून टाकू."